तंजावरच्या भिंतीवरची खातेवही

पहिला दिवस

बंगळूरहून मयिलादुतुरैला जाणाऱ्या रात्रीच्या गाडीनं सकाळी तंजावरला उतरलो. मी आणि अक्का, दोघंच. संक्रांत तीन दिवसांवर असताना घर सोडून निघालो म्हणून मिरजेत घरचे नाराज होते. पण अक्काचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं की पोंगल तंजावरात बघायचा. माझं कारण वेगळं होतं. पस्तीस वर्षं मी सहकारी संस्थांच्या वह्या तपासल्या. हजार वर्षांपूर्वीचा जमाखर्च जिथं दगडात कोरलेला आहे, ते देऊळ डोळ्यांनी बघायची इच्छा नोकरीत असल्यापासूनची.

स्टेशनबाहेर उसाच्या मोळ्या रचलेल्या होत्या. शेजारी पानांसकट उपटलेली ओल्या हळदीची रोपं. पोंगलच्या भांड्याच्या गळ्याला ती बांधतात. मार्गळी महिना संपत आला होता आणि प्रत्येक दारात तांदळाच्या पिठाचं कोलम होतं. अक्का दोन ठिकाणी वाकून ठिपके मोजत बसली, म्हणून लॉजवर पोचायला उशीर झाला. देऊळ दुपारी बंद असतं, ते चारला उघडतं. तोवर झोप काढली.

तंजावरकर या देवळाला नुसतं ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठं देऊळ म्हणतात. बृहदीश्वर हे नाव नंतरचं. बांधणाऱ्यानं ठेवलेलं नाव राजराजेश्वरम्. पहिला राजराज चोळ इ. स. ९८५ ला गादीवर आला. आपल्या राज्याच्या २५ व्या वर्षी, २७५ व्या दिवशी, त्यानं शिखरावर बसवायला सोन्यानं मढवलेला तांब्याचा कळस दिला. ही नोंद त्यानंच कोरून ठेवली आहे. ते वर्ष १०१०. वर्षच नव्हे तर दिवसही लिहिणारा राजा मला पहिल्या भेटीतच आवडला.

आत जाताना तीन दरवाजे लागतात. सगळ्यात बाहेरचा मराठ्यांच्या काळचा. मग केरळांतकन तिरुवासल, पाच मजल्यांचं गोपुर. चेरांवरच्या, म्हणजे केरळच्या राजांवरच्या विजयाचं नाव त्याला दिलं आहे. त्याच्या आत तीन मजल्यांचं राजराजन तिरुवासल. इथं एका अखंड दगडातले दोन प्रचंड द्वारपाल उभे आहेत. त्यांच्या पायाशी हत्ती गिळणारा साप कोरलेला आहे. तो हत्तीला गिळतो, म्हणजे साप केवढा, आणि त्या सापाजवळ पाय टेकून उभा असलेला द्वारपाल केवढा. मग तो ज्याचं दार राखतो तो आतला देव केवढा, हे बघणाऱ्यानं आपल्या मनाशी मांडायचं.

दक्षिणेतली देवळं आपण बघतो तेव्हा बहुधा गोपुरं गगनाला भिडलेली आणि गाभाऱ्यावरचं शिखर बुटकं असतं. मदुरैला तसंच आहे. इथं नेमकं उलट. दरवाजे बसके, ओलांडत आत जावं तसं विमान (गाभाऱ्यावरच्या शिखराला इकडे विमानच म्हणतात) मोठं होत जातं. तिसऱ्या दरवाज्याखालून बाहेर आलो तेव्हा सूर्य विमानाच्या मागच्या बाजूला होता. साठ मीटरांहून उंच असा काळसर डोंगर समोर उभा. अक्कानं हात जोडले आणि बराच वेळ खाली घेतले नाहीत.

या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही असं लहानपणापासून ऐकत आलो होतो. आम्ही पाचच्या सुमारास उभे होतो तिथं ईशान्येच्या फरशीवर ती चांगली लांबलचक पडली होती. शाळेची पोरं त्या सावलीत बसून भेळेसारखं काहीतरी खात होती. अशा गोष्टी या देवळाला चिकटवायची गरज नाही. जे खरं आहे तेच इतकं आहे की कल्पनेची भर घालावी लागत नाही. शिखराचा घुमट ८० टनांच्या एकाच शिळेचा, असंही घरोघरी सांगतात. अभ्यासकांच्या मते तो अनेक दगड जोडून केलेला आहे. मला तर जोडलेला घुमटच जास्त अवघड वाटतो.

खरं आश्चर्य वेगळंच आहे. तंजावर कावेरीच्या गाळावर वसलेलं. भाताची शेती, केळी, नारळ. दगड औषधालाही सापडत नाही. आणि हे सगळं देऊळ ग्रॅनाइटचं. तो दगड तिरुचिरापल्ली-पुदुक्कोट्टैकडच्या टेकड्यांतून, कित्येक कोसांवरून आणावा लागला. आपला काळा बसाल्ट छिन्नीला जरा तरी दाद देतो, ग्रॅनाइट देत नाही. तळाशी विमानाची एक बाजू सुमारे तीस मीटर. गाभाऱ्याला एकात एक अशा दोन जाड भिंती, मधून फिरायला बोळ. त्या दोन्ही भिंतींचा भार घेऊन वर तेरा मजले चढत जातात, प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा आत सरकवलेला. असं करत करत चारी बाजू वर एकमेकींजवळ येतात. आतून विमान पोकळ आहे. दगडांत चुना नाही. दगड दगडावर स्वतःच्या वजनानं बसला आहे. हजार वर्षं.

संध्याकाळची आरती मिळाली. गर्दीत लांबूनच, पण लिंग एवढं मोठं की लांबून दिसायला अडचण नव्हती. पुजारी वरच्या पातळीवर चढून अभिषेक करतात.

दुसरा दिवस

आज भोगी. आपल्याकडची आणि इथली भोगी एकाच दिवशी. पहाटे रस्त्यात जुन्या चटया, केरसुण्या जाळत होते. वर्षाचा टाकाऊ पसारा संपवायचा म्हणून. सहाच्या ठोक्याला देवळाच्या दारात होतो. काल संध्याकाळी सूर्य मागे होता, आज समोरून. मधाच्या रंगाचा दगड. काल काळा दिसलेला तोच हा, यावर विश्वास बसेना.

देवदर्शन उरकून मी जोत्यापाशी गेलो. ज्यासाठी आलो ते तिथं होतं. कमरेइतक्या उंचीपासून पावलापर्यंत, कोपऱ्याकोपऱ्यात वळत जाणाऱ्या पट्ट्यांवर तमिळ अक्षरं. मधेमधे संस्कृत शब्दांसाठी ग्रंथ लिपी. ओळीच्या ओळी. लांबून नक्षी वाटते, जवळ गेल्यावर कळतं की ही वही आहे.

तमिळ मला येत नाही. नातवंडांना घेऊन आलेले एक निवृत्त शिक्षक बोट ठेवून वाचून दाखवत होते, त्यांच्याजवळ आम्ही रेंगाळलो. त्यांनी मोडक्या हिंदीत विचारलं, कुठून आलात. मग आमच्यासाठी एक ओळ सावकाश वाचली. ‘नाम् कुडुत्तनवुम्, नम् अक्कन् कुडुत्तनवुम्, नम् पेण्डुगळ् कुडुत्तनवुम्...’ आम्ही दिलेलं, आमच्या अक्कानं दिलेलं, आमच्या राण्यांनी दिलेलं आणि इतर देणाऱ्यांनी दिलेलं, हे सगळं श्रीविमानावर दगडात कोरा, अशी राजराजाची आज्ञा.

‘अक्का’ हा शब्द ऐकून आमची अक्का एकदम पुढं झाली. शिक्षकांनी तिला सांगितलं, तमिळमध्येही अक्का म्हणजे थोरली बहीण. राजाची अक्का म्हणजे कुंदवै. तिनं सोनं दिलं, भांडी दिली, धातूच्या मूर्ती दिल्या. त्यांत आईवडिलांच्या मूर्तीही होत्या. आणि भावानं स्वतःच्या नावानंतर लगेच तिचं नाव घातलं, राण्यांच्या आधी. अक्का त्या ओळीवरून हात फिरवत राहिली. मी तिला अडवलं नाही, पण खरं तर अक्षरांना हात लावू नये.

पुढचे तीन तास मी सोबत आणलेली भाषांतरं हातात धरून भिंतीभोवती फिरलो. काय नाही त्या वहीत! सोनं ‘आडवल्लान’ नावाच्या ठरलेल्या वजनानं तोललं, असा उल्लेख प्रत्येक नोंदीत. आडवल्लान म्हणजे नृत्यात निपुण, नटराजाचंच नाव. रत्नांसाठी वजन वेगळं, दक्षिणमेरु विटंकन. दागिन्यांत मोती किती, माणकं किती, त्यांत डागाची किती, हेसुद्धा. वजनात धरलेल्या लाखेचा, दोऱ्याचाही उल्लेख. माझ्या अख्ख्या नोकरीत इतकी नेटकी मालमत्ता-नोंदवही मी पाहिली नाही, आणि हे मी कौतुकानं लिहितो आहे.

देवाच्या नावानं आलेला पैसा पेटीत ठेवलेला नाही, तो गावसभांना व्याजानं दिला. काशु हे तेव्हाचं नाणं. व्याज वर्षाला काशाला एक अष्टमांश काशु, म्हणजे साडेबारा टक्के. त्या व्याजातून काय आणायचं तेही ठरलेलं: देवाच्या स्नानाचं पाणी सुगंधी व्हावं म्हणून वेलदोडे, चाफ्याच्या कळ्या आणि वाळा. मुद्दल गावाकडं, वेलदोडे देवाकडं. अखंड दिव्यांची सोयही अशीच. एका दिव्याला ९६ मेंढ्या, किंवा ४८ गाई, किंवा १६ म्हशी मेंढपाळांकडं सोपवायच्या आणि त्यांनी रोज एक उळक्कु तूप आणून घालायचं. उळक्कु हे लहानसं माप. कळप वाढला तरी, घटला तरी, तूप तेवढंच. आपल्याकडच्या नंदादीपाच्या इनामांची आठवण झाली.

मग माणसं. मी सगळ्यात जास्त हललो ते इथं. आवाराच्या बाहेरच्या भिंतीवर ४०० नर्तकींची यादी आहे. चोळ राज्यातल्या देवळादेवळांतून त्यांना तंजावरला आणून वसवलं. प्रत्येकीचं नाव, नावाआधी ‘नक्कन’ ही उपाधी, ती कुठल्या देवळातून आली, आणि इथं कोणत्या आळीत, कोणत्या बाजूच्या रांगेत, कितव्या घरात राहते. प्रत्येकीला एक वाटा. वाटा म्हणजे वर्षाला १०० कलम भात. कलम हे धान्याचं माप. ती वारली किंवा गाव सोडून गेली तर जवळच्या नातलगानं तो वाटा घेऊन सेवा करायची. तो लायक नसेल तर त्यानं लायक माणूस नेमायचा. त्यांच्यामागे नट्टुवनार (नृत्य शिकवणारे), वादक, गायक, शिंपी, कुंभार, परीट, न्हावी, जोशी. आणि हिशेबनीस! हिशेबनिसांचीही नावं वाट्यासकट कोरली आहेत. मुख्य स्थपतीला ‘राजराज पेरुंतच्चन’ अशी पदवी. न्हाव्यालाही राजाच्याच नावाची पदवी, ‘राजराज पेरुंनाविसन’. सुतार-पाथरवटांचा श्रेष्ठ आणि न्हाव्यांचा श्रेष्ठ, दोघंही राजाचं नाव मिरवतात.

बांधणाऱ्यांची नावं हरवलेली कितीतरी देवळं मी पाहिली. आपल्या हेमाडपंती देवळांत तर ‘हे कुणी घडवलं’ विचारलं की उत्तर मिळतं, पांडवांनी एका रात्रीत. इथं तसं उत्तर देताच येत नाही. भिंत मधे पडते.

एक चुटपूट लागून राहिली. गाभाऱ्याभोवतीच्या त्या बोळात खालच्या मजल्यावर चोळांच्या काळातली भित्तिचित्रं आहेत. मराठ्यांआधी इथं राज्य करणाऱ्या नायक राजांनी नंतर त्यांच्यावर आपली चित्रं रंगवली होती. खालची चोळ चित्रं १९३१ मध्ये एस. के. गोविंदस्वामी या अभ्यासकाला दिसली. वरच्या मजल्यावर नाट्यशास्त्रातल्या १०८ करणांपैकी, म्हणजे नृत्याच्या ठरलेल्या हालचालींपैकी, ८१ कोरलेली आहेत, शिव स्वतः ती करून दाखवतो आहे. उरलेल्या २७ चौकटी तासून तशाच रिकाम्या. तिथं सर्वांना सोडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. ओवऱ्यांतल्या प्रदर्शनात छायाचित्रं पाहिली. रिकाम्या चौकटींच्या छायाचित्रापुढं मी जास्त वेळ उभा होतो.

दुपारी राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय. यावर खरं तर वेगळं लिहायला हवं. हजारो हस्तलिखितं, त्यांत मराठीचा मोठा साठा, शिवाय मोडी कागदपत्रांचे गठ्ठे. व्यंकोजीराजांनंतर इथं मराठ्यांचं राज्य, शेवटी नावापुरतं का होईना, १८५५ पर्यंत टिकलं. दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) काशीयात्रेला गेले तेव्हा परत येताना पोथ्या घेऊन आले. एखादा राजा यात्रेहून पोथ्या आणतो याचं अक्काला फार अप्रूप वाटलं. काचेआडची मराठी पोथी वाचताना दोघांनाही माहेरी आल्यासारखं झालं.

तिसरा दिवस

पोंगल. म्हणजे आपली संक्रांत. लॉजच्या मालकीणबाईंनी अंगणात तीन विटांवर नव्या भांड्यात भात शिजवला. दूध उतू गेलं तेव्हा सगळे एका सुरात ‘पोंगलो पोंगल!’ ओरडले. आम्हाला केळीच्या पानावर गोड पोंगल मिळाला, त्यांना आम्ही तिळगूळ दिला. ‘गोड बोला’ कसं सांगायचं हे कळेना, तेव्हा अक्का नुसती हसली.

आज पुन्हा देवळात, या खेपेला आपल्या भाषेसाठी. आवाराच्या नैर्ऋत्येला, ओवऱ्यांच्या भिंतीवर, मराठी शिलालेख आहे. देवनागरी अक्षरं, भिंतीमागून भिंत. सरफोजींच्या आज्ञेनं १८०३ साली, त्यांचे चिटणीस बाबूराव यांनी रचलेला भोसले घराण्याचा इतिहास. मालोजी, शहाजी, थोरले शिवाजी महाराज, व्यंकोजी, तिथून सरफोजींपर्यंत. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत त्याची गणना करतात.

सालाकडं लक्ष द्यावं. १७९९ च्या तहानं तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडं गेला होता. सरफोजींच्या हाती किल्ला आणि भोवतालचा थोडा भाग, एवढंच. चार वर्षांनी त्यांनी हा इतिहास कोरायला घेतला. राजराजानं विजयाच्या भरात लिहिलं, सरफोजींनी सगळं हातचं गेल्यावर. तरीही लिहायला जागा निवडली ती त्याच देवळाची. इतका मोठा खटाटोप त्यांनी नुसत्या हौसेनं केला असेल असं मला वाटत नाही. कागद जळतो, राज्य जातं, या आवारात कोरलेलं आठशे वर्षं टिकलेलं त्यांना रोज दिसत होतं.

अक्षरं वाचत हळूहळू सरकत होतो, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, ‘तुम्ही कोणच्या गावचे?’ पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळाला भस्म लावलेले ऐंशीच्या घरातले गृहस्थ. ‘कोणच्या’ ऐकून आमची आजीच बोलली असं वाटलं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं. ‘आम्ही घरात मराठीच बोलतो. लिहितो मात्र तमिळ,’ ते म्हणाले. ‘ही अक्षरं मला लागत नाहीत. तुम्ही वाचा बघू.’

मी वाचू लागलो. लिपी माझी, पण जुन्या वळणाची वाक्यं माझ्या जिभेवर अडखळत होती. त्यांना लिपी येत नव्हती, पण माझं वाक्य अडलं की ते पुढचा शब्द अंदाजानं पुरा करत. असं आम्ही दोघांनी मिळून पाऊण तास वाचलं. शहाजीराजांचं नाव आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. अक्कानं त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला,’ हे त्यांनी स्वतःच पुरं केलं.

त्यांच्याकडून कळलेलं आणखी एक: देऊळ पुरातत्त्व खात्याच्या देखरेखीखाली असलं तरी राजवाडा देवस्थानच्या ८८ देवळांतलं ते एक, आणि भोसले घराण्यातले ज्येष्ठ त्याचे वंशपरंपरागत विश्वस्त आहेत. १९९७ मध्ये कुंभाभिषेकाच्या, म्हणजे देवळाच्या पुनःप्रतिष्ठेच्या विधीच्या वेळी यज्ञमंडपाला आग लागून चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर तेवीस वर्षं कुंभाभिषेक झाला नाही. २०२० च्या फेब्रुवारीत झाला, आणि मंत्र संस्कृतात की तमिळमध्ये हा वाद उच्च न्यायालयापर्यंत जाऊन शेवटी दोन्ही भाषांत म्हटले गेले. आजोबा त्या दिवशी इथं होते. ‘दोनी बरे वाटले,’ म्हणाले.

दुपारी गाडी करून गंगैकोंडचोळपुरम्‌ला जाऊन आलो. राजराजाचा मुलगा राजेंद्र, त्याची राजधानी. विमान बापाच्या विमानासारखंच पण थोडं कमी उंच आणि बाजूंनी आत झुकलेलं, मऊ. शहर उरलेलं नाही, देऊळ आणि हिरवळ. सुंदर आहे, पण माझं मन तंजावरच्या जोत्याशीच होतं.

चौथा दिवस

मट्टू पोंगल, गुरांचा सण. आपला पोळाच. रस्त्यानं शिंगं रंगवलेल्या गाई, गळ्यात झेंडूच्या माळा.

या दिवशी मोठ्या देवळातल्या नंदीची पूजा असते. हा नंदी चोळांचा नव्हे, नायकांच्या काळातला. एका दगडातला, सहा मीटरांच्या आसपास लांब, सुमारे २५ टनांचा. त्याच्यावरचा मंडपही नंतरचाच. राजराजाच्या काळातला मूळ नंदी लहान आहे, तो दक्षिणेच्या ओवरीत ठेवलेला. तसं पाहिलं तर आवारातलं प्रत्येक देऊळ वेगळ्या हातचं. देवीचं पांड्यांच्या काळचं, सुब्रह्मण्याचं नायकांचं आणि नक्षीत सगळ्यांत नाजूक, गणपतीचं मराठ्यांनी नव्यानं बांधलेलं. नव्यानं आलेल्या कुणीही राजराजाचं देऊळ पाडलं नाही, बाजूला आपलं उभं केलं.

नंदी आज दगडाचा दिसतच नव्हता. वांगी, भोपळे, दोडके, मुळे, गाजरं, केळीचे घड, संत्री, जिलब्यांसारख्या मिठाया, सगळं माळांत ओवून त्याला पाठीपासून गुडघ्यांपर्यंत मढवलेलं. कावेरीकाठच्या शेतांतलं पीक त्याच्या अंगावर. खाली गाईवासरांची रांग, त्यांनाही ओवाळत होते. अक्का शेतकऱ्याच्या घरात दिलेली. तिचे डोळे भरून आले. बैल गेल्यापासून त्यांच्या गोठ्यात ट्रॅक्टर उभा असतो.

आरती झाल्यावर भाज्या उतरवून प्रसाद म्हणून वाटल्या. आमच्या वाट्याला चार वांगी, एक दोडका आणि एक संत्रं. संत्रं तिथंच सोलून खाल्लं. वांगी-दोडका लॉजच्या मालकीणबाईंना दिला. त्यांनी संध्याकाळी त्याचंच सांबार करून आम्हाला जेवू घातलं आणि पैसे घेतले नाहीत.

निघायच्या आधी अक्का देणगीच्या खिडकीशी गेली. तिनं पाचशे रुपये दिले आणि पावती नीट घडी करून पाकिटात ठेवली.

रात्रीच्या गाडीत दिवा होता तोवर मी प्रवासाचा हिशेब लिहायला बसलो. रोजची सवय. गाडीभाडं, लॉज, कॉफी, चपला राखणाऱ्याचे दहा. वरच्या बर्थवरून अक्का वाकून बघत होती.

‘माझे पाचशे घातलेस का रे?’

‘घातले.’

‘कुणाच्या नावावर?’

वही मी तिच्यापुढं धरली. पहिल्या ओळीत माझे दोनशे एक होते. त्याच्या खालीच तिची ओळ होती: अक्काने दिले, रु. ५००.